दुसऱ्या गिअरमधला झटका

निळी गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा शेठनी चहाचा ग्लास अर्धाच खाली ठेवला. लुसीबाई गाडीतून उतरल्या. एरवी त्या चावी टेबलावर ठेवायच्या. आज हातातच धरून उभ्या राहिल्या.

“अजून झटके मारते,” त्या म्हणाल्या.

लुसीबाई नंदाखाल गावच्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गाडी शिकल्या. गाडी छोटी, पेट्रोलवरची, जुनी घेतलेली, नऊ वर्षांची. तक्रार एकच. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटका देते, आणि पाय उचलला तरी देते. म्हणजे वेग घेतानाही आणि वेग सोडतानाही. गाडी बंद पडत नाही, धूर सोडत नाही, ॲव्हरेजही चांगलं देते. नुसती मागून कोणी धक्का दिल्यासारखी हलते.

आमचं गॅरेज माणिकपूरला. शेठ ग्राहकांशी बोलतात आणि टेस्ट ड्राइव्ह घेतात. इम्तियाजभाई इंजिन आणि वायरिंग बघतात. स्कॅनरही त्यांच्याकडेच असतो. मी खालचं काम करते. ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर, माउंटिंग. आले तेव्हा रॉकेलमध्ये पार्ट धुण्याचं काम होतं. धुता धुता कुठला पार्ट कुठे बसतो ते कळत गेलं. खालचं काम मला आवडतं, कारण गाडीखाली कोणाशी बोलावं लागत नाही.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा इम्तियाजभाईंनी प्लग बदलले. पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, ती प्लग देतो. एखादी ठिणगी चुकली की गाडी अडखळते. इंजिनात हवा जाते ते तोंडही काळं झालं होतं, ते साफ केलं. शेठनी हायवेपर्यंत नेऊन आणली. एकदम लोण्यासारखी चालली. बाई घेऊन गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या.

दुसऱ्यांदा स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला विचारायचं, बाबा तुला कुठे दुखतं. त्याने काहीच दुखत नाही म्हणून सांगितलं. पेट्रोलचा फिल्टर बदलला, क्लच तपासला. इम्तियाजभाईंनी वरून बॅटरीचा उजेड मारून इंजिनचे माउंटही बघितले आणि एकदम नवे दिसतात म्हणाले. शेठनी पुन्हा हायवेला नेली. पुन्हा लोणी.

आणि आज ती तिसऱ्यांदा आली होती. शेठ माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी तीन ग्राहक बसलेले होते आणि त्यांच्यासमोर गाडी परत आली होती. ते बाईंना म्हणाले, “बाई, राग मानू नका. गाडीत काही नाही. क्लच सोडताना तुमचा पाय हलत असेल. उशिरा शिकलं की होतं असं.”

मला वाटलं, बाई आता चिडणार. त्या चिडल्या नाहीत. “घरीही हेच म्हणतात,” एवढंच म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे मिस्टर पास्कूकाका महिनाभर म्हणत होते की दोष पायाचा आहे. मुलगा नेल्सन नायगावच्या टॉवरमध्ये राहतो, त्याचंही तेच म्हणणं. त्याने तर गाडीला गिऱ्हाईकही बघितलं होतं. शनिवारी ते गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. आई, या वयात कशाला, कुठे जायचं असलं तर मला फोन कर, मी गाडी बुक करून देईन, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी गुरुवार होता.

बाईंच्या गावात लग्नघरी जुनी गाणी म्हणणाऱ्या चार बायका उरल्या आहेत. सगळ्या साठीच्या पुढच्या. लग्न आगाशीला असो की आणखी कुठे, बाई त्या चौघींना गाडीत भरून नेतात आणि स्वतःही गातात. पूर्वी कोणाच्या मुलाला वेळ असला तरच त्यांना जाता यायचं.

“शनिवारी गाडी गेली,” बाई म्हणाल्या, “की आम्ही पाचजणी पुन्हा फाटकाशी उभ्या. कोण नेतंय का बघत.”

बाईंनी मग एकच मागितलं. कोणीतरी माझ्या शेजारी बसा आणि मी रोज जाते त्या रस्त्याने चला. पायाचा दोष असला तर तिथेच सांगा, मी स्वतः चावी नेल्सनच्या हातात देईन.

शेठनी इम्तियाजभाईंकडे बघितलं. इम्तियाजभाईंनी समोरच्या बॉनेटमध्ये डोकं आणखी आत घातलं. मग शेठची नजर माझ्याकडे आली. मी तेव्हा एका गाडीखालून अर्धी बाहेर आले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

“सुमनताई, तुम्ही जा. इंजिनबिंजिन काही बघू नका. बाईंचा पाय बघा फक्त.”

मी हात पुसले, सीटवर कागद घातला आणि बसले. गाडीत खोबऱ्याचा वास होता. तो त्या बाजूच्या सगळ्याच गाड्यांत असतो. डिकीत नारळ नाहीतर तेलाचा डबा असतोच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

निघाल्यापासून मी त्यांचा पाय बघत होते. आपल्या पायाकडे कोणी टक लावून बघतंय हे माहीत असताना गाडी चालवणं सोपं नाही. पण बाईंचा पाय शाळेच्या वहीसारखा होता, स्वच्छ. क्लच पूर्ण दाबायच्या, हळू सोडायच्या, सुटला की डावा पाय बाजूला ठेवून द्यायच्या. आमचे शेठही डावा पाय क्लचवर टेकवून ठेवतात, ते मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

मोठ्या रस्त्यावर गाडी छान चालली. बाई मधून मधून माझ्याकडे बघत होत्या.

“काही बोला ना, बाय. तुम्ही बोलत नाही तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

“पाय चांगला आहे,” मी म्हणाले. बाईंचे खांदे जरा खाली आले.

मग नंदाखालची वाट लागली. दोन्ही बाजूंना वाड्या, केळी आणि नारळ, मधून एक गाडी जेमतेम जाईल असा रस्ता. दर पन्नास पावलांवर वळण. समोरून स्कूटर आली की थांबायचं, ती गेली की निघायचं. इथे तिसरा गिअर पडतच नाही. सगळं दुसऱ्यात. पाय दाबायचा, उचलायचा, दाबायचा, उचलायचा.

आणि झटका आला. पुढच्या वळणावर पुन्हा. स्कूटरसाठी पाय उचलला, झटका. निघायला दाबला, झटका. बाईंचा डावा पाय त्या वेळी क्लचवर नव्हताच, बाजूला ठेवलेला होता.

तेव्हा मला पहिली गोष्ट कळली. आम्ही ही गाडी तीन आठवडे चुकीच्या रस्त्यावर तपासत होतो. शेठ न्यायचे हायवेला, रिकामी गाडी, चौथ्या गिअरमध्ये. लहान गिअरमध्ये इंजिन चाकांना जास्त जोर देतं, आणि जोर देताना स्वतःचंही अंग वळवतं. जड पाटा सरकवताना आपलं अंग वळतं तसं. चौथ्यात ते एवढं वळत नाही. बाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्या गिअरमध्ये चाललेलं, आणि आम्ही चौथ्यातली गाडी बघून पायाला नावं ठेवली.

दुसरी गोष्ट कानाने कळली. स्कॅनरवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. मी चौथीपर्यंतच शिकले. त्यामुळे ऐकायची सवय लागली. मी बाईंना काच वर करायला सांगितली. झटक्याच्या आधी, अगदी जरासं आधी, पायांच्या पुढे खाली ‘ठक’ असा आवाज येत होता. आधी ठक, मग झटका. ठिणगी चुकली तर गाडी नुसती गचके खाते, ठक होत नाही. ठक म्हणजे काहीतरी जड वस्तू जागची हलून कशावर तरी आपटते. आणि गाडीच्या पुढच्या बाजूला इंजिनाएवढं जड काही नसतं.

इथे माउंट म्हणजे काय ते सांगते. इंजिन गाडीच्या लोखंडावर थेट आवळलेलं नसतं. तसं असतं तर आपले दात वाजले असते. ते जाड रबरावर बसवलेलं असतं. घरातल्या मिक्सरला खाली रबरी पाय असतात ना, तसं. त्यातला एक पाय निसटला तर काय होतं बघा. बटण दाबलं की मिक्सर एकीकडे उडी मारतो, बंद केला की दुसरीकडे. चालू असताना मात्र गुमान फिरतो. ही गाडी तेच करत होती.

पण इम्तियाजभाई म्हणाले होते की माउंट नवे दिसतात. त्यांची नजर पक्की आहे. म्हणून मी काही बोलले नाही. बाईंच्या वाडीत गाडी उभी केली, त्यांना सीटवरच बसायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं.

तोवर पास्कूकाका बाहेर आले. उंच, काटक माणूस, कमरेला कोयता. घरात ते त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्यासाठी त्यांनी शाळेतलं मराठी काढलं.

“पायच ना?” त्यांनी मला विचारलं. “मी कधीपासून सांगतो. हिला सांगून उपयोग नाही, मास्तरीण आहे.”

मी त्यांना जरा बाजूला उभं राहायला सांगितलं. मग बाईंना म्हणाले, ब्रेक घट्ट दाबा, पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी थोडा सोडा, गाडी पुढे जायला बघेल तेवढाच. ही जुनी पद्धत आहे. गाडी ब्रेकने धरलेली असते, इंजिन जोर लावतं, मग ते बिचारं जागच्या जागी वळतं. माउंट चांगला असेल तर जेमतेम एक बोट हलतं.

बाईंनी क्लच सोडला. इंजिन चार बोटं वर आलं आणि ठक करून खाली बसलं.

काका दोन पावलं मागे गेले. मी बाईंना रिव्हर्स टाकायला सांगितलं. इंजिन दुसऱ्या अंगाला गेलं, ठक. तोच आवाज.

गाडी बंद केली. जरा थांबून मी उजवीकडच्या माउंटवर बॅटरी मारली. खरंच नवा दिसत होता. काळाकुळकुळीत, चमकदार. नऊ वर्षांच्या गाडीत रबर राखाडी पडतं, त्याला बारीक भेगा जातात. हे तर शोरूममधून आल्यासारखं. मी हात घातला. बोट घसरलं. नख सहज आत गेलं, पिकलेल्या राजेळी केळ्यात जावं तसं. रबर फुगून मऊ झालं होतं आणि लोखंडापासून सुटलं होतं. वरून बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

मी बोटाचा वास घेतला. खोबरेल.

“काका,” मी विचारलं, “इथे तेल कोणी लावलं?”

काका अभिमानाने म्हणाले, “मीच. दुसरं कोण लावणार?”

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. आमच्याकडे खारी हवा, ताई. लोखंड ठेवलं की गंजतं. म्हणून दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की ते घरच्या खोबरेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस घेऊन निघतात. विहिरीचा पंप, फाटकाच्या बिजागऱ्या, कोयता, शिलाई मशीन. त्यांच्या वडिलांचीही हीच पद्धत होती. गाडी आली तेव्हा गाडीही त्या यादीत गेली. बॉनेट उघडल्यावर त्यांना रबरं सुकलेली दिसली. बिचारी कोरडी पडलीत, म्हणून त्यांनी त्यांनाही लावलं. दीड वर्ष. एक रविवार चुकवला नव्हता.

लोखंडाला तेल चांगलं, रबराला वाईट. रबर तेल पितं, फुगतं आणि सडतं. त्यात इंजिनची गरमी. काकांनी प्रेमाने, दर आठवड्याला, पिसाने, गाडीचा पाय मोडला होता. हे मी एवढ्या शब्दांत बोलले नाही. मी फक्त म्हणाले, “रबराला तेल चालत नाही, काका.”

लुसीबाई सीटवरून उतरून पुढे आल्या. त्यांनी माझं बोट बघितलं, माउंट बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

“पास्कू,” त्या अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “कोणाचा पाय?”

काकांनी कोयता कमरेचा काढून दुसऱ्या हातात घेतला, मग परत कमरेला लावला. “मला वाटलं,” ते म्हणाले, “तुझी गाडी जरा जास्त टिकावी.”

त्यावर बाईंना हसू आलं. आधी तोंडावर हात होता, मग तो निघाला. बॉनेटला धरून त्या हसल्या. काका थोडा वेळ गंभीर राहिले आणि मग तेही हसायला लागले. मीही हसले. याआधी कधी एवढी हसले होते ते आठवत नाही. पोटात दुखायला लागलं. काकांनी आत जाऊन मला केळ्यांची फणी आणून दिली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझा संपला नव्हता. शेठना फोन करायचा होता. मी केळीच्या आडोशाला गेले.

“शेठ, माउंट गेलाय. उजवीकडचा. खालचाही बघावा लागेल.”

“इम्तियाजने बघितलेत.”

“त्यांनी डोळ्यांनी बघितले.”

मग शेठनी विचारलं, “आणि बाईंचा पाय?”

“तुमच्यापेक्षा चांगला आहे,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. अकरा वर्षांत मी शेठशी असं बोलले नव्हते. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. शेठ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, “दोन्ही माउंट मागवतो. उद्या सकाळी गाडी घेऊन यायला सांगा. आणि हळू चालवा म्हणावं.” मग थोडं थांबून, “म्हणजे, त्या हळूच चालवतात. माहीत आहे.”

शुक्रवारी मी माउंट बदलले. इंजिनच्या खाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावायचा, इंजिन केसभर उचलायचं, म्हणजे जुन्या माउंटवरचा भार जातो आणि बोल्ट सुटतात. फळी ठेवायची, कारण जॅक थेट लावला तर इंजिन ऑइलचं भांडं चेपतं. जुना माउंट हातात आला तो दोन तुकड्यांत. इम्तियाजभाईंनी तो घेतला, बोटाने दाबला, वास घेतला आणि म्हणाले, “ताई, इसमें तो भजी तळता येतील.” मग स्वतःच म्हणाले की पुढच्या वेळी ते हात लावून बघतील. खालचाही माउंट मऊ निघाला. तिथपर्यंत काकांचं पीस पोचत नव्हतं, पण तेल गळून पोचलं होतं. नवे बसवले. बोल्ट आधी सैल ठेवले, इंजिन चालू करून त्याला आपल्या जागी बसू दिलं, मग आवळले. आधीच आवळले तर रबर वाकडं बसतं. इंजिनवरचं तेल साबणाने धुऊन काढलं.

या वेळी शेठ टेस्ट ड्राइव्हला हायवेला गेले नाहीत. मागच्या चाळीच्या गल्लीत गेले, दुसऱ्या गिअरमध्ये, मला आणि इम्तियाजभाईंना मागे बसवून. एकही झटका नाही, ठक नाही. लुसीबाई आल्या तेव्हा शेठ खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “बाई, मी चुकलो होतो.” त्या दिवशीही दोन ग्राहक बसलेले होते. त्यांच्यासमोर म्हणाले, याचं मला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी मी नंदाखालला गेले. नवे माउंट थोडे चालवून झाले की बोल्ट एकदा तपासलेले बरे. खरं सांगायचं तर बोल्ट सोमवारीही तपासता आले असते.

अंगणात नेल्सन होता. गिऱ्हाईकाला त्याने अकरा वाजता बोलावलं होतं. बाईंनी त्याला सरळ सांगितलं की गाडी विकायची नाही, झटका गेला आहे. त्याला ते पटेना. आई, तात्पुरतं असतं ते, म्हणाला. बाईंनी चावी त्याच्या हातात दिली. “तूच चालव. चर्चपर्यंत जा आणि ये. मी मागे बसते.” मग मला म्हणाल्या, “बाय, तुम्ही पुढे बसा आणि पाय बघा.”

नेल्सन रोज टॉवरमधून थेट हायवेला लागणारा माणूस, आणि त्याची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक. तिच्यात क्लच नसतोच. गाडी फाटकाबाहेर काढताना त्याने क्लच पटकन सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. त्याने पुन्हा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. फाटकाशी गाणी म्हणणाऱ्या त्या चार बायका येऊन उभ्या होत्या. दुपारी आगाशीला लग्न होतं आणि गाडी निघेल का ते विचारायला त्या आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “राहू दे बाळा, तुझी आई चालवेल.”

नेल्सन उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. “आता पण तोच झटका आला ना?”

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. “नाही,” मी म्हणाले. “हा पायाचा होता.”

बाई पुढे बसल्या. चर्चपर्यंत जाऊन आल्या. वळणं तीच होती, एक स्कूटरही आडवी आली, सगळं दुसऱ्या गिअरमध्ये. नेल्सन मागे बसून होता. परत आल्यावर तो थोडा वेळ अंगणात फिरला, मग गिऱ्हाईकाला फोन करून येऊ नका म्हणाला. दुपारी बाई चौघींना घेऊन लग्नाला गेल्या. मी निघाले तेव्हा गाडीतच गाण्याला सुरुवात झाली होती.

आता आगाशी, निर्मळ, नंदाखाल या बाजूची गाडी आली की इम्तियाजभाई स्कॅनर लावण्याआधी मालकाला विचारतात, घरी खोबरेल काढता का? लोकांना वाटतं ते विकत घ्यायचं म्हणताहेत. दोघांनी तर बाटली आणूनही दिली. शेठ आता गाडी ग्राहकाच्या रोजच्या रस्त्यावर नेऊन बघतात. त्यात पेट्रोल जास्त जातं, पण गाडी तिसऱ्यांदा परत येत नाही. आणि मी रबर नखाने बघते. रबर चमकत असेल तर दोनदा बघते.